माहितीपत्रक हरवलेले इंजिन

१/ न्यूरेंबर्गच्या जुन्या बाजारात एका मराठी अभियंता तरुणीला खेळण्यातले एक भलेथोरले इंजिन मिळाले. कुर्डुवाडीच्या नॅरोगेज कारखान्यात फिटर म्हणून आयुष्य घालवलेल्या वडिलांसाठी तिने ते कपड्यांत गुंडाळून आणले. सोबत खोका नव्हता, माहितीपत्रक नव्हते. ते चालते की नाही, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. कागद हरवलेल्या वस्तूचे वाचन कसे करायचे, याची ही हकिकत.

२/ पोटाशी कोरलेली अक्षरे प्रथम बोलली : ‘एलजीबी’, म्हणजे ‘लेहमानची मोठी रेल्वे’. एर्न्स्ट पाउल लेहमान यांनी १८८१ मध्ये ब्रांडेनबुर्ग येथे पत्र्याच्या खेळण्यांचा कारखाना काढला. दुसऱ्या महायुद्धानंतर तो सोव्हिएत अमलाखालील भागात गेला आणि मालकांच्या हातून सुटला. रिश्टर कुटुंबाने पश्चिमेकडे न्यूरेंबर्गला नव्याने संसार मांडला. १९६८ मध्ये वोल्फगांग व एबरहार्ट या रिश्टर बंधूंनी तिथल्याच खेळण्यांच्या प्रदर्शनात ही रेल्वे आणली.

३/ अक्षरांखाली ‘पश्चिम जर्मनीत बनविलेले’ असा शिक्का होता. १९९० मध्ये दोन्ही जर्मनी एक झाल्या. म्हणजे हा भाग त्यापूर्वीच्या घडणीचा असावा. मात्र शिक्का ज्या भागावर असतो, त्या भागाचेच वय सांगतो. जुन्या इंजिनांत एकाचे धड आणि दुसऱ्याचे चाक असणे नवलाचे नाही. दस्तऐवजाच्या बाबतीत इतिहासाचा अभ्यासक जी सावधगिरी पाळतो, तीच इथेही लागते.

४/ नमुना ओळखीचा निघाला. ऑस्ट्रियाच्या श्टायरमार्क प्रांतातील श्टाइन्त्सच्या छोट्या रेल्वेसाठी १८९२ मध्ये क्राउस कंपनीच्या लिंझ येथील कारखान्यात बांधलेले चार चाकांचे इंजिन ते हेच. त्या मार्गाची रुंदी ७६० मिलिमीटर. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी उभारलेली आणि १८९७ मध्ये सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे ७६२ मिलिमीटरची. वडिलांनी आकडा ऐकला आणि म्हणाले, “अगं, म्हणजे हे आपल्याच मापाचं की!”

५/ पण प्रतिकृतीचे रूळ त्या मापाचे नाहीत. एलजीबीचे प्रमाण १ : २२.५ आणि रुळांतील अंतर ४५ मिलिमीटर. गुणाकार केला की सुमारे १,०१२ मिलिमीटर येतात. म्हणजे हा रूळ मीटरगेजचा. श्टाइन्त्सचे खरे माप धरले असते तर तो जेमतेम ३४ मिलिमीटरचा झाला असता. ४५ मिलिमीटर हे माप तयारच होते. मेर्कलिन कंपनीने १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत खेळण्यांच्या रेल्वेसाठी मापांची मालिका मांडली होती, त्यातील ‘गेज एक’ तेच. एलजीबी दिवाळखोरीत गेल्यावर २००७ मध्ये ती मेर्कलिननेच घेतली.

६/ आता हाताची परीक्षा. वडिलांनी सवयीने अंगठ्याने चाक फिरवून पाहिले. ते हलेना. “जाम झालंय,” म्हणत त्यांनी जोर लावला आणि लगेच थांबले. तळाचे झाकण स्क्रू काढून उघडले, तेव्हा कारण दिसले : मोटरच्या दांड्यावर मळसूत्री आटे असलेला वर्म आणि त्यात अडकलेले प्लास्टिकचे दातेरी चक्र. मोटर चाक फिरवू शकते. चाकाला मोटर फिरवता येत नाही. आणखी थोडा जोर लावला असता तर ते दाते मोडले असते.

७/ रूळ नव्हतेच. नऊ व्होल्टच्या बॅटरीच्या दोन तारा डाव्या व उजव्या चाकांना टेकवल्या. पुढचा दिवा लागला. मोटर मात्र निपचित. ब्रश जळाले असावेत, असे गृहीत धरून वडिलांनी मोटर खोलायची तयारी केली. एवढ्यात मुलीला चालकाच्या खोलीत, बॉयलरच्या मागच्या अंगाला, नखाएवढा एक खटका दिसला. “अप्पा, थांबा. हा एकावर आहे.”

८/ त्या खटक्याला चार स्थाने. शून्यावर सारे बंद. एकवर दिवे आणि धूरयंत्र असेल तर तेवढेच. दोनवर मोटरही चालू. तीनवरही दोनचेच काम. आवाजाची सोय असलेल्या इंजिनांत तिथे आवाज मिळतो. ‘बंद पडलेली’ म्हणून कवडीमोलाने विकली जाणारी काही इंजिने केवळ शून्यावर किंवा एकवर उभी असतात. खटका दोनवर सरकवला आणि चाके फिरली. तारांची अदलाबदल केली, तशी उलटी फिरली.

९/ मग उरलेला शोध. मागच्या बाजूची चपटी खोबण डब्यातील दिव्यांना वीज पुरवते. चिमणीत धूरयंत्र असल्यास त्यासाठी बनवलेले द्रवच थेंबाथेंबाने घालायचे. पाणी नाही आणि यंत्राचे तेल तर नाहीच. तळाशी चुंबकाने जुळणारा रीड स्विच असला, तर रुळांत बसवलेल्या चुंबकावरून जाताना शिट्टी किंवा घंटा वाजते. इथे तो नव्हता. खटका तीनवर नेऊनही इंजिन मुकेच राहिले. वडिलांना शिट्टीची आस होती. ते काही बोलले नाहीत.

१०/ त्या रात्री त्यांनी कारखान्यातल्या वळणदार अक्षरांत एका चिठ्ठीवर चारही स्थाने लिहिली. त्याखाली आणखी दोन ओळी : “चाक हाताने फिरवू नये. शिट्टी नाही, शोधू नये.” चिठ्ठीची घडी करून त्यांनी ती इंजिनाबरोबर डब्यात ठेवली. पुढे हे इंजिन ज्याच्या हाती जाईल, त्याला निदान एक कागद मिळेल.