पायरीवर बसणाऱ्यांचा बाजार

रेवा,

चोरबाजारासाठी केलेला तुझा आराखडा पाहिला. चित्रं सुरेख काढली आहेस, पण मटण स्ट्रीटवर एकसारख्या पाट्या, काचेची दुकानं आणि मधोमध कॉफीचा ठेला पाहून जीव खालीवर झाला. ‘मामा, चोरबाजार जरा नीटनेटका केला की झालं,’ असं तू लिहितेस. इतकं सोपं आहे का गं ते? आणि हे तू लिहावंस, जिच्या हट्टापायी अण्णांचा ग्रामोफोन भंगारात जाता जाता राहिला?

तो कुणी दुरुस्त केला, आठव. दुकानदाराने नुसतं बाजूच्या पायरीवर बसलेल्या चाचांकडे बोट दाखवलं. चाचांनी मोटर उघडली, वाळून घट्ट झालेलं ग्रीस रॉकेलने धुतलं, तुटलेल्या स्प्रिंगचं टोक तापवून त्याला नवं भोक पाडलं. वर तुलाच दटावलं, तबकडीची बाजू बदलली की पोलादी सुईही बदलायची, नाहीतर तबकडीची वाट लागेल. माझ्या लेखी चोरबाजार म्हणजे ती पायरी. तुझ्या चित्रात ती कुठेच नाही.

शेजारच्या भेंडीबाजारात २००९पासून साडेसोळा एकरांचा पुनर्विकास चालू आहे. कोंदट खोल्यांत पिढ्या काढलेल्यांना चांगली घरं मिळावीत, यात दुमत नाहीच. पण नव्या जागांच्या यादीत नाव लागायला भाडेपावती लागते. पायरीवर बसणाऱ्याकडे कसली आलीय पावती? आणि दुकानदाराचं काय? १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने गोठलेली भाडी आणि पगडी, यांच्या जोरावर तो एखादं झुंबर वर्षभर टांगून ठेवू शकतो. बाजारभावाने भाडं भरायची वेळ आली, की त्याला झटपट खपणारा माल लागणार. मग आहेतच नव्या पितळी कर्ण्यांचे बनावट ग्रामोफोन! ते आत्ताच किती वाढलेत, पाहिलंस ना? सिनेमावाल्यांनी तरी जुने टेलिफोन आणि आरामखुर्च्या कुठून आणायच्या? रात्री याच विचाराने डोळ्याला डोळा लागला नाही.

आणि हो, शुक्रवारी पहाटे रस्त्यावर भरणाऱ्या जुम्मा बाजारात एकटीच गेलीस म्हणे, तीही मोबाइल मागच्या खिशात ठेवून! ताईला अजून सांगितलेलं नाही. पुन्हा असं करू नकोस.

आराखडा कॉलेजात देण्याआधी माझ्याबरोबर चल. कोणत्या पायरीवर कोण बसतं, काय दुरुस्त करतं, ते आधी नकाशावर मांड. शुक्रवारी दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवारी ये.

तुझा,
मामा