काकू माहेरी, सोमवारी या

नव्वदच्या दशकात इचलकरंजीत कुरियरची शाखा चालवायची, तर भांडवल ते काय? तीन प्रतींचं डॉकेट-पुस्तक, कार्बन, वजनकाटा, दोन-चार रबरी शिक्के आणि एक लँडलाइन. मोबाइल म्हणावं असं एकच होतं, सायकलवर फिरणारं डिलिव्हरीचं पोरगं. आणि ‘चालेल का, जुळेल का’ हा प्रश्न तेव्हाही होताच. कार्बनला शाईपेन चालायचं नाही. बॉलपेनच लागायचं, तेही दाबून. नाहीतर तिसऱ्या प्रतीवर नुसती सावली.

सकाळी मुंबईची बॅग आरामबसने यायची. ती टेबलावर ओतायची, पाकिटं भागाभागाने लावायची आणि रनशीट लिहायला बसायचं. डॉकेट नंबर, नाव, सही, वेळ. सूतवाल्यांचे चेक, कापडाचे नमुने, श्रावणात राख्या. पत्ते काय असत! ‘जुन्या टाकीजवळ, गिरणीच्या वर.’ खाली ४१६११५. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी बसवलेला हा पिनकोड १५ ऑगस्ट १९७२पासून सुरू झाला, पण तो गावापर्यंत आणून सोडतो. पुढचं सगळं पोराच्या डोक्यात.

आणि रनशीटचा समास. सहीच्या रकान्याबाहेरची ती बोटभर जागा म्हणजे आमची खरी माहिती. ‘काकू माहेरी, सोमवारी या.’ ‘शेजारी देऊ नका, भांडण आहे.’ मी संध्याकाळी आधी समास वाचायचो, मग सह्या मोजायचो.

आता ॲप निवडायचं असतं. विकणारा येतो, स्वतःच्या कोऱ्या करकरीत फोनवर डेमो दाखवतो. नकाशावर ठिपका कसा तुरुतुरु पळतो! मी म्हणतो, साहेब, हेच आमच्या पोराच्या फोनवर दाखवा. काच तडकलेली, मेमरी लग्नाच्या व्हिडिओंनी भरलेली, अँड्रॉइड जुनं. तिथे निम्मी ॲपं उतरतच नाहीत. उतरलं तरी बॅटरी वाचवायच्या नादात फोन ते मागच्या मागे बंद करून टाकतो आणि ठिपका तासभर एकाच चौकात उभा. पोरगं बिचारं तोवर दहा घरं करून आलेलं असतं. रेंज गेली तर नोंद फोनमध्येच थांबून नंतर चढते का, मुख्य कंपनीचा बारकोड वाचता येतो का, आमचा ब्लूटूथ प्रिंटर ओळखतो का, हे विचारलं की साहेब चहा मागवतात.

महागडं यंत्र घेऊन सुटका होते असंही नाही. मोठ्या कंपन्यांकडे विंडोजवर चालणारी हातातली स्कॅनर-यंत्रं होती, दणकट, पडली तरी फुटायची नाहीत. जानेवारी २०२०मध्ये मायक्रोसॉफ्टने त्या प्रणालीचा पाठिंबा थांबवला. यंत्रं धडधाकट, पण वाली उरला नाही.

ओटीपीची आणखी निराळी कथा. यंत्रमागांच्या खडखडाटात फोनची घंटी ऐकू येत नाही, आणि ऐकू आली तरी नंबर पुण्याच्या मुलाचा दिलेला असतो. पोरगं दारात उभं, आकडे पुण्यात.

म्हणून ते जुने दिवस परत हवेत, असं मात्र मी म्हणणार नाही. पावसात भिजलेल्या रनशीटवरच्या सह्या ओघळून जायच्या, आणि ‘आमचं पाकीट पोचलं का?’ याला ‘उद्या कळवतो’ याशिवाय उत्तर नसायचं. आता गिऱ्हाईक स्वतःच बघून घेतं. २०२५मध्ये टपाल खात्याने डिजिपिन आणला. दहा अक्षर-अंकांत साधारण चार मीटर बाय चार मीटरचा चौकोन सापडतो. आमच्या काउंटरवर अजून कुणी तो लिहून दिलेला नाही, ‘गिरणीच्या वर’च चालू आहे.

मला परत हवा होता तो फक्त समास. बहुतेक ॲपांत पार्सल परत आणण्याची कारणं आधीच छापलेली असतात: ग्राहक उपलब्ध नाही, पत्ता अपुरा, नाकारले. यातलं एक निवडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मग काकू माहेरी गेल्या तरी ‘उपलब्ध नाही’ आणि शेजाऱ्यांशी भांडण असलं तरी ‘उपलब्ध नाही’.

शेवटी घेतलं ते ॲप दिसायला ओबडधोबड आहे, नकाशा संथ आहे. पण जुन्या फोनवर चालतं आणि शेऱ्याच्या चौकटीत मराठी लिहू देतं. परवा एकाने त्यात टाकलं, ‘कुत्रं मोकळं असतं, आधी फोन करा.’ तो शेरा आता त्या पत्त्याला कायमचा चिकटला. उद्या नवीन पोरगं गेलं तरी फाटकाशी पोचण्याआधी त्याला दिसेल. रनशीटला हे कधी जमलं नव्हतं.