पुराची वाट पाहणारी नदी

मेकाँग वर्गात फळ्यावर काढायला सोपी. तिबेटच्या पठारावर उगम, युनानच्या खोल दऱ्यांमधून दक्षिणेकडे उतार, मग काही अंतर म्यानमार आणि लाओसची सीमा, पुढे लाओस आणि थायलंडची सीमा, नंतर कंबोडियाचं मैदान आणि शेवटी व्हिएतनाममधला त्रिभुज प्रदेश. सहा देश, साडेचार हजार किलोमीटरच्या आसपास लांबी. भूगोलाची शिक्षिका म्हणून मी ही निळी रेघ वर्षानुवर्षं वरून खाली ओढली. निवृत्तीनंतर एका हिवाळ्यात लाओसच्या दक्षिण टोकापासून समुद्राच्या दिशेने तिच्या काठाकाठाने गेले, आणि त्या रेघेत न मावणारी नदी पाहायला मिळाली.

लाओसमध्ये सी फान डोन नावाचा भाग आहे. इथे नदी फाटत जाते, तिच्यात शेकडो बेटं तयार होतात आणि पावसाळ्यात पात्राची रुंदी चौदा किलोमीटरपर्यंत जाते. त्यातल्या डोन खोन बेटावर एक गंजलेलं वाफेचं इंजिन उभं आहे. फ्रेंचांना मेकाँगमधून थेट चीनपर्यंत बोटी न्यायच्या होत्या. 1866 साली निघालेल्या त्यांच्या मोहिमेला इथल्या धबधब्यांनी अडवलं. मग 1893 मध्ये त्यांनी बेटावर रूळ टाकले आणि बोटी सुट्या करून त्यावरून वर नेल्या. खोन फापेंगच्या कड्यापाशी उभी राहिले तेव्हा कारण सांगायला कुणाची गरज उरली नाही. पाणी एका धारेत पडत नाही. काळ्या खडकांच्या फटीफटींतून ते दहा बाजूंनी घुसतं, एकमेकांवर आदळतं, आणि शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं.

माणसांच्या बोटी अडल्या, मासे मात्र अडले नाहीत. धबधब्यांच्या मधून एक प्रवाह असा होता की त्यातून मासे बारा महिने वर-खाली करू शकत. डोन साहोंग धरण नेमकं त्याच प्रवाहावर बांधलं गेलं. तो प्रवाह मी दुरून पाहिला आणि मन खट्टू झालं.

पुढे कंबोडियाच्या राजधानीत, नॉम पेन्हला, मेकाँगला टोनले साप नदी मिळते. ही शंभरेक किलोमीटरची नदी त्याच नावाच्या तळ्यातून येते. उन्हाळ्यात तळ्याचं पाणी तिच्यातून मेकाँगकडे वाहतं. जूनच्या सुमाराला पावसाचं आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी घेऊन मेकाँग फुगते, तिची पातळी तळ्यापेक्षा वर जाते, आणि टोनले साप उलटी वाहू लागते. जवळपास चार महिने पाणी तळ्यात शिरत राहतं. अडीच हजार चौरस किलोमीटरचं तळं पसरत पसरत पंधरा हजारांच्या घरात जातं, मीटरभर खोलीचं पाणी आठ-नऊ मीटर होतं. पाणी पुन्हा समुद्राकडे वळतं तेव्हा सगळा देश जलोत्सव करतो. तो कार्तिकातल्या पौर्णिमेला, म्हणजे बहुधा आपल्या त्रिपुरी पौर्णिमेलाच येतो. राजधानीत होड्यांच्या शर्यती लागतात.

मी जानेवारीच्या अखेरीस गेले, म्हणजे पाणी ओसरत होतं. तळ्याकाठचं काम्पोंग खलेआंग हे गाव आठ-दहा मीटर उंच खांबांवर उभं आहे. खालच्या सुक्या रस्त्यावरून चालताना घरं बघायला मान वर करावी लागत होती. खांबांवर पुराच्या पाण्याची तपकिरी रेघ माझ्या डोक्याच्या बरीच वर होती. नावाडी म्हणाला, "ऑगस्टपासून या रस्त्यावर माझी नाव चालते."

एका घराच्या सावलीत आजी प्राहोक घालत बसल्या होत्या. बोटाएवढे चंदेरी मासे, एका फटक्यात डोकी उडवलेली. मासे धुऊन, चेचून, उन्हात ठेवून मिठात कालवायचे आणि रांजणात दाबून महिनोन्‌महिने मुरू द्यायचे. वास असा की पहिल्यांदा श्वास रोखला जातो. भाताबरोबर हाच वर्षभराचा आधार. मासे कसे मिळाले म्हणून दुभाष्याकरवी विचारलं. आजी म्हणाल्या, "पाणी मोठं आलं तर मासा मोठा. पाणी रुसलं की आम्ही उपाशी."

मी सांगलीची. आमच्याकडे पावसाळ्यात लोक आयर्विन पुलाच्या पाण्याचे फूट मोजत रात्र काढतात. 2005 चा आणि 2019 चा महापूर मी पाहिला आहे. पुराचं कौतुक माझ्या तोंडून सहजासहजी निघणार नाही. पण इथे पूर जंगलात शिरतो तेव्हा बुडालेल्या झाडांच्या मुळांशी आणि फांद्यांमध्ये माशांची पिल्लं वाढतात, गाळाने जमीन सुपीक होते. इथलं संकट म्हणजे न आलेला पूर. 2019 आणि 2020 साली पाणी उशिरा उलटलं आणि कमी आलं. पाऊस कमी होता हे खरं. पण वर चीनमध्ये मुख्य प्रवाहावर एकापाठोपाठ एक मोठी धरणं उभी आहेत. ती पावसाळ्यात पाणी साठवतात आणि कोरड्या दिवसांत सोडतात. बारमाही सारखी वाहणारी नदी वीजघराला सोयीची असते, टोनले सापला नाही.

व्हिएतनाममध्ये कान थोच्या तरंगत्या बाजारात पहाटे गेले. प्रत्येक होडीवर उंच बांबू आणि जो माल विकायचा तोच त्याला टांगलेला: अननस, भोपळा, रताळी. वैभव डोळ्यांत मावत नव्हतं. पण जिथे उतरले होते त्या घराच्या अंगणात पावसाचं पाणी साठवलेले मोठे रांजण होते, कारण कोरड्या महिन्यांत समुद्राचं खारं पाणी कालव्यांतून आत येतं. 2016 आणि 2020 साली ते फार आत शिरलं. गाळ वरच्या धरणांत अडतो, वाळू उपसली जाते आणि किनारा खचतो. समुद्राजवळच्या कितीतरी शेतांत भाताऐवजी कोळंबी आहे.

1995 साली लाओस, थायलंड, कंबोडिया आणि व्हिएतनाम यांनी मेकाँग करार केला. त्याच्या सहाव्या कलमात एक अट आहे: पावसाळ्यात टोनले साप नैसर्गिकरीत्या उलटी वाहू शकेल एवढा प्रवाह मेकाँगमध्ये राखायचा. आपल्याकडे नदीचं वाटप म्हटलं की टीएमसीचे आकडे आणि कुणाचा वाटा किती, एवढीच चर्चा ऐकू येते. इथे चार देशांनी पाण्याचा वाटाच नाही, तर त्याची वेळ आणि दिशाही जपायचं लिहून दिलं. उगमाकडचा चीन या करारात नाही. तो आणि म्यानमार चर्चेपुरते सोबत आहेत. म्हणून ते कलम दुबळं आहे. पण नदीचा करार कसा लिहावा, याचा इतका शहाणा नमुना मी दुसरा वाचलेला नाही. कोणत्या महिन्यात किती पाणी हवं आणि ते कुणाच्या जगण्यासाठी हवं, हे प्रत्येक नदीच्या करारात लिहिलं गेलं पाहिजे. आणि मेकाँगच्या करारावर उगमाकडच्या देशाचीही सही झाली पाहिजे.