आठवीच्या वर्गासाठी ‘रन’

चि. राणी,


‘रन’च्या अर्थांची लांबलचक यादी मुलांना पाठ करायला देणार, असं तू लिहिलं आहेस. तेवढं करू नकोस गं. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीचे पीटर गिलिव्हर हे एकच क्रियापद नव्याने लावायला बसले, तर नऊ महिने गेले आणि अर्थ निघाले 645! 1989च्या आवृत्तीत सर्वांत मोठी नोंद ‘सेट’ची होती, तीही मागे पडली. पोरं पाठ तरी किती करतील?

ती अडतात पहिल्याच अर्थाला. ‘रन’ म्हणजे धावणे, हे एकदा डोक्यात बसलं की नाक कसं धावेल, असा प्रश्न पडतोच. आपलं ‘धावणे’ घाईचं, अडीअडचणीचं. शेजारी मदतीला धावून येतो, माणूस कोर्टात धाव घेतो. इंग्रजी शब्दात घाई असेलच असं नाही. जुन्या इंग्रजीतही तो पाण्याच्या वाहण्याला लावत, आणि त्याचं जर्मन भावंड ‘रिनन’ आजही वाहण्याचंच आहे. म्हणून नदीला रन, उघड्या नळाला रन, सर्दीत वाहणाऱ्या नाकालाही रन. कापडाचा कच्चा रंग धुताना उतरतो, तोही रनच. मुलांच्या हाती ‘वाहणे’ दे, पुढचं ती आपली आपण लावतील.

मग यंत्रं आली. गिरण्या, आगगाड्या, पुढे संगणकातले प्रोग्रॅम, सगळ्यांना हेच क्रियापद जोडलं गेलं आणि अर्थ वाढतच गेले. इथे आपलं ‘चालणे’ कामी येतं. घड्याळ चालतं, गिरणी चालते, नाटक महिनोन्‌महिने चालतं, कुणी शाळा चालवतं. तिकडे धावतं ते इकडे चालतं. पण खंड न पडता सुरू राहणं दोन्हीकडे एकच. मला हे फार सुंदर वाटतं.

सगळंच असं बसणार नाही. अमेरिकेतला उमेदवार निवडणुकीत ‘रन’ करतो, ब्रिटनमधला मात्र आपल्यासारखा उभा राहतो. ‘रन इंटू’ म्हणजे कुणी अचानक भेटणं, ‘रन आउट ऑफ’ म्हणजे घरातलं दूध संपणं. हे जोड वाक्यांतूनच शिकव, सुटे नकोत.

आणि क्रिकेटची धाव अगदी शेवटी घे. ती सगळ्यांना येते, पण तिथून सुरुवात केलीस की पुन्हा धावणंच डोक्यात बसेल.

तुझी,
मावशी