मांडवीवरचा डाव

कामासाठी गावोगाव फिरणाऱ्यांची संध्याकाळ ही एक वेगळीच भानगड असते. दिवस मीटिंग, प्रेझेंटेशन आणि क्लायंटच्या मागे कसा जातो ते कळत नाही. पण सात वाजले, लॅपटॉप मिटला, की समोर उरते हॉटेलची रूम, टीव्हीचा रिमोट आणि घरी करायचा एक फोन. दिल्लीत असाल तर एखादी मावशी जेवायला बोलावते. बंगळुरूत निम्मी संध्याकाळ ट्रॅफिकच खातो. आणि पणजीत? पणजीत नदीकाठच्या रस्त्यावर नुसती चक्कर मारली तरी मांडवीत उभी असलेली, दिव्यांनी लखलखणारी कॅसिनोची जहाजं खुणावत राहतात.

इफ्फी २००४ पासून गोव्यात भरतो, त्यामुळे आम्हा पत्रकारांची नोव्हेंबरची वारी पणजीला ठरलेली. दिवसभर सिनेमे पाहायचे, रात्री कॉपी पाठवायची. यंदाच्या वारीत एक संध्याकाळ मोकळी मिळाली. माझा एक कॉलेजमित्र, हिंजवडीतला सॉफ्टवेअरवाला, कंपनीच्या ऑफसाइटसाठी तिथेच आला होता. ‘चल, पोकर खेळू’ असं तो म्हणाला, तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही. गेली काही वर्षं तो मोबाइलवर पोकर खेळायचा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा केला आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम्स बंद झाले. पोकरची अॅप्सही त्यात गेली. तेव्हापासून गडी अगदी तहानलेला होता.

जहाजावरच का?

हा प्रश्न जेट्टीवर प्रत्येकाला पडतो. उत्तर कायद्यात आहे. गोव्याच्या १९७६ च्या जुगारविरोधी कायद्यात १९९२ साली दुरुस्ती झाली आणि पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशिन्सना परवानगी मिळाली. मग १९९६ च्या दुरुस्तीनं जहाजांवर टेबलावरचे खेळ खेळायला मुभा दिली. म्हणून जमिनीवर मशिनं आणि पाण्यावर टेबलं! गंमत म्हणजे खुद्द गोवेकरांना फेब्रुवारी २०२० पासून या कॅसिनोंत खेळायला बंदी आहे. म्हणजे पाहुण्यांनी खेळायचं आणि यजमानांनी काठावरून दिवे बघायचे.

आपल्याकडे काय? महाराष्ट्रातही १९७६ साली कॅसिनोचा कायदा झाला होता. तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये विधिमंडळानं तो चक्क रद्द करून टाकला. त्यामुळे पुणे-मुंबईच्या मंडळींसाठी कॅसिनो म्हटलं की पणजीच.

पत्ते ओळखीचे, खेळ निराळा

जहाजावर पाऊल ठेवलं की आधी कानावर आदळतं ते म्युझिक. खालच्या मजल्यांवर रूलेची चाकं, ब्लॅकजॅक, लग्नाच्या हॉलसारखा बुफे. पोकरची खोली मात्र शांत. लायब्ररीत यावा तसा चिप्सचा टिकटिक आवाज, बाकी काही नाही.

या दोन जगांतला फरक साधा आहे. एका शून्याच्या रूलेवर ३७ घरं असतात आणि तुमचा आकडा आला तर ३५ पट पैसे मिळतात. मधल्या फरकामुळे लावलेल्या प्रत्येक शंभर रुपयांमागे सरासरी दोन रुपये सत्तर पैसे कॅसिनोचे. तुम्ही कितीही हुशार असा, हे गणित बदलत नाही. पोकरमध्ये मात्र समोर कॅसिनो नसतो, तुमच्यासारखीच माणसं असतात. कॅसिनो दर डावातून आपला कट घेतो आणि बाजूला उभा राहतो. त्याला रेक म्हणतात. म्हणजे पोकर फायद्यात खेळता येतो, पण त्यासाठी बाकीच्यांपेक्षा नुसतं बरं असून भागत नाही. रेक भरून वर उरेल इतकं बरं असावं लागतं.

टेक्सस होल्डेम ही सगळीकडे खेळली जाणारी पद्धत. प्रत्येकाला दोन पानं झाकलेली आणि टेबलावर पाच पानं उघडी, आधी तीन, मग एक, मग शेवटचं एक. या सातांतून उत्तम पाच निवडायची. दिवाळीत तीन पत्ती खेळलेल्याला नियम दहा मिनिटांत कळतात. कळत नाही तो कंटाळा. हातात दोन एक्के येण्याची शक्यता २२१ डावांत एकदा. टेबलावर तासाला साधारण पंचवीस-तीस डाव होतात. म्हणजे दोन एक्क्यांची वाट पाहायची तर ऑफिसचा एक अख्खा दिवस बसा! उरलेल्या वेळात पानं बघायची आणि परत टाकायची. सिनेमात दाखवत नाहीत ते हे.

चौकटचा राजा

मी पाच हजारांच्या चिप्स घेतल्या होत्या. फ्रीलान्सरच्या भाषेत सांगायचं तर एक लेख, तोही तीन महिन्यांनी चेक येणारा. ब्लाइंड्स, म्हणजे पानं पाहण्याआधीच दोघांनी टाकायची सक्तीची रक्कम, पन्नास आणि शंभर. टेबलावर नऊ जण. सुरतचे एक कापड व्यापारी, दोन दिल्लीकर, एका औषध कंपनीच्या कॉन्फरन्सला आलेले तिघं, एक गप्प मुलगा, माझा मित्र आणि मी. बाई मी एकटीच. त्यामुळे सगळे मला ‘मॅडम’ म्हणत होते आणि माझ्या बेटला जरा जास्तच मान देत होते. याचा फायदा होतो, हे मी लगेच टिपलं.

तासाभरानं दोन राण्या आल्या, इस्पिक आणि बदाम. मी तीनशे लावले. सुरतवाले काका आणि एक दिल्लीकर आत आले. टेबलावर उघडलं: चौकटचा राजा, चौकटची सत्ती, किलवरची दुर्री. मी पाचशे टाकले. दिल्लीकर गेला, काका राहिले. पुढचं पान नव्वी. आणि काकांनी चहाचा कप ठेवावा तितक्या सहज दोन हजार पुढे सरकवले.

पॉटमध्ये आता चार हजार पन्नास होते. दोन हजार भरायचे तर तीनातून एकदा माझी पानं सरस असायला हवीत, मग सौदा बरोबरीत सुटतो. पण हे माणूस संध्याकाळपासून मोठी बेट लावताना एकदाही पोकळ निघालं नव्हतं. शिवाय शेवटच्या पानावर ते पुन्हा लावणार, म्हणजे प्रश्न दोन हजारांचा नव्हता, समोरच्या बेचाळीसशेंचा होता. मी राण्या टाकल्या. काकांनी आपली पानं दाखवली नाहीत. पोकरमध्ये ती दाखवायची सक्ती नसते.

ऑफिसात तुम्हाला निदान अप्रेझलमध्ये कळतं. इथे निर्णय बरोबर होता का, हे कायमचं झाकलेलं राहतं. ते झाकलेलं पान तसंच सोडून पुढच्या डावाची पानं उचलता येणं, हेच या खेळातलं खरं कौशल्य आहे असं मला वाटतं.

‘उद्या ट्रान्सफर करतो’

माझ्या मित्राला ते जमत नव्हतं. एक्का-राजावर तो मोठा डाव हरला आणि त्यानंतर जवळजवळ प्रत्येक डावात उतरू लागला. पोकरवाले याला ‘टिल्ट’ म्हणतात. आपल्याकडे यासाठी धर्मराजापेक्षा चांगलं उदाहरण नाही. जितकं गेलं तितकं परत आणायला आणखी पणाला. साडेअकराला त्याच्या चिप्स तिसऱ्यांदा संपल्या. माझ्यासमोर तोवर सात हजार चारशे जमले होते.

तो माझ्याकडे वाकून म्हणाला, ‘पाच हजारांच्या दे ना. उद्या ट्रान्सफर करतो.’

बोटीतून येताना यानंच मला वाकडच्या फ्लॅटचं सांगितलं होतं. पाच तारखेला हप्ता.

‘नाही देणार,’ मी म्हटलं.

‘अगं, पाच हजार! मैत्रीत एवढंही नाही?’

‘मैत्री आहे म्हणूनच.’

टेबलावरचे सगळे चिप्सकडे बघत होते, कुणी वर पाहिलं नाही. मी चिप्स उचलल्या, काउंटरवर मोडल्या आणि त्याला डेकवर घेऊन आले. एन्ट्री आणि टॅक्स धरला तर माझा हिशेब जेमतेम बरोबरीत सुटला. परतीच्या बोटीत तो एक शब्द बोलला नाही. पाच तारखेला रात्री मेसेज आला, ‘हप्ता गेला. तुझ्यावरचा राग आहे अजून.’ मी स्मायली पाठवली. पुढचं पान तो केव्हा उघडतो, बघू.

जाणार असाल तर

* वय २१ पूर्ण हवं. फोटो असलेलं ओळखपत्र विसरू नका.
* पोकर खोलीचे दर आणि किमान चिप्स बाकी कॅसिनोपेक्षा वेगळे असू शकतात. आधी फोन करून विचारा.
* कॅसिनोत १ ऑक्टोबर २०२३ पासून चिप्सच्या पूर्ण किमतीवर २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. खिशातला आकडा हे धरूनच ठरवा.
* कंपनीनं दिलेला प्रवासभत्ता वेगळ्या पाकिटात, रूमवर.
* कार्ड रूमवर ठेवा. पैसे संपले की बुफे आहेच, आणि वरच्या डेकवरून रात्रीची मांडवी फुकट दिसते.