कळसूबाईच्या उंचीला हात सोडायचा

(मागील अंकावरून पुढे)

मुलुंड, शुक्रवार रात्र

स्कायडायव्हिंगचं ए लायसन्स हातात पडलं, तिथे मागचा हप्ता थांबला होता. अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेच्या नियमाने त्याला किमान २५ उड्या लागतात आणि त्यातल्या बहुतेक एकट्याने नाहीतर प्रशिक्षकासोबत मारलेल्या असतात. आता पुढची पायरी, म्हणजे चारचौघांत पडायचं. फॉर्मेशन स्कायडायव्हिंग. पोट जमिनीकडे करून पडणाऱ्या माणसांनी हवेतच एकमेकांचे हातपाय धरून एक आकृती करायची, ती मोडायची, दुसरी करायची आणि पॅराशूट उघडण्याआधी एकमेकांपासून लांब पळायचं.

बॅग भरत होते तेव्हा आई दारात उभी. "अगं, एकटी पडत होतीस ते बरं होतं. आता दुसऱ्याने धक्का दिला म्हणजे?"

प्रश्न अगदी रास्त आहे. दोघं सारख्याच वेगाने, ताशी १९० किलोमीटरच्या आसपास पडत असतील, तर एकमेकांच्या दृष्टीने ती जवळजवळ स्थिर असतात. लागतं ते दोघांच्या वेगातल्या फरकामुळे. हे तिला समजावलं. तिने मेतकुटाची पुडी बॅगेत कोंबली आणि वॉशिंग मशीनच्या मेकॅनिकचा विषय काढला.

थायलंडइतक्या लांब कशाला, मुंबईत का नाही, असं वाचक विचारतात. घाटकोपरच्या कुठल्याही गच्चीवर दहा मिनिटं उभं राहा, उत्तर डोक्यावरून जाईल. सहारला उतरणारी विमानं एकामागून एक त्याच वाटेने येतात. जुहूला १९२८ पासून विमानतळ आहे, १९३२ साली जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन तिथेच उतरले होते. पण आजच्या त्या आभाळात १३,००० फुटांवरून माणसं सोडायला जागा उरलेली नाही.

सी राचा, थायलंड, शनिवार

साडेचार तासांचं विमान, घड्याळ दीड तास पुढे, मग बँकॉकहून चोनबुरी प्रांताकडे गाडी. रस्त्याकडेला अननसाचे ढीग. प्रवासाबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

ड्रॉप झोनवर, म्हणजे उड्यांच्या मैदानावर, रिग (पाठीवरचा पॅराशूटचा संच) तपासून घेत होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "मॅडम, तुम्ही मुंबईच्या का?"

"मुलुंड."

"मी भटवाडी, घाटकोपर. मग ताई, आपण शेजारीच की!"

नोकरीसाठी बँकॉकला राहतो. पूर्वी गोविंदा पथकात होता, खालून तिसऱ्या थरावर. त्याचं लायसन्स माझ्यानंतरचं. या डायरीत त्याला भटवाडीच म्हणते, त्याची हरकत नाही.

संध्याकाळी प्रशिक्षिकेने फळ्यावर एक उभी रेघ ओढली आणि तिच्यावर तीन आकडे लिहिले. १३,००० फुटांवर विमानातून बाहेर. ५,५०० ला सगळे सुटणार. ४,००० ला पॅराशूट. ए लायसन्सवाल्याने ३,००० च्या खाली उघडायचंच नसतं, आम्हाला त्याच्या वर हजार फूट जादा दिलेत. पाच किंवा कमी जणांच्या गटाने ठरलेल्या उघडण्याच्या उंचीच्या किमान दीड हजार फूट वर फुटायचं, सहापासून पुढे दोन हजार, अशी अमेरिकेच्या त्याच संघटनेची शिफारस आहे. ५,५०० आलं ते त्यातून.

मनात लगेच हिशेब झाला. कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट. महाराष्ट्रातली सर्वात उंच जागा, जिथे आपण घाम गाळत शिड्या चढून जातो आणि फोटो काढतो, तिथे आमचा खेळ संपणार.

रविवार

सकाळभर जमिनीवर. चाकांच्या फळ्यांवर पालथं पडून, हातांनी ढकलत, एकमेकांकडे जायचं. बघणाऱ्याला हसू येईल असा प्रकार, पण हवेतलं सगळं इथेच शिकावं लागतं.

पहिला धडा हातांचा. समोरच्याला पकडायला हात लांब केले की माणूस पुढे जाण्याऐवजी मागे सरकतो, कारण पुढे काढलेल्या हातांवर वारा आदळतो. पुढे जायचं तर पाय सरळ करायचे. खाली उतरायचं तर कंबर खाली दाबून कमान वाढवायची. वर राहायचं तर कमान मोडून अंग पसरायचं. आणि जायचं ते त्याच्याच पातळीवरून. वरून झेपावत कधीच नाही. पडणाऱ्या माणसाच्या पाठीवर हवा विस्कटलेली असते. तिच्यात शिरलात की तुमच्या अंगाखालचा आधारच जातो आणि तुम्ही थेट त्याच्या पाठीवर आदळता. हाताच्या अंतरावर येऊन थांबायचं, मग पकडायचं, तेही हलकेच.

या "हलकेच"वर भटवाडी अडला. "ताई, हंडीत खांद्यावरची मिठी जेवढी घट्ट तेवढा थर पक्का. इथे घट्ट धरलं की ही ओरडते." कारण उघड आहे. थरात वरच्याचं वजन खालचा पेलतो, त्याला जमीन पेलते. हवेत कोणीच कोणाचं वजन घेत नाही. पकडून ओढलं तर समोरचा कलतो आणि अख्खी आकृती गरगरायला लागते. भटवाडी थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "म्हणजे इथे खालचा थरच नाही." मग मात्र त्याला जमायला लागलं.

दुसरा धडा मनगटाचा, आणि प्रशिक्षिकेच्या लेखी तोच पहिला. डाव्या मनगटावरचा अल्टिमीटर हवेच्या दाबावरून उंची सांगतो. जमिनीवर असतानाच तो शून्यावर आणायचा. बाहेर पडल्यावर पहिले हजार फूट जायला सुमारे १० सेकंद लागतात. एकदा वेग पुरा आला की पुढचा प्रत्येक हजार साडेपाच सेकंदांत संपतो. म्हणजे विमान सोडल्यापासून सुटेपर्यंत पाऊण मिनिट. त्यात प्रत्येक कामानंतर मनगट बघायचं: बाहेर पडलात, बघा, हात धरला, बघा, हात सोडला, बघा, काही बिघडलं तर आधी बघा, मग दुरुस्त करा. जमिनीवरच्या तालमीतसुद्धा ती आकडा मोठ्याने बोलायला लावते.

हेल्मेटमध्ये कानाशी ऑडिबल असतो, ठरलेल्या उंचीला किंचाळतो. तो वाजण्याआधी तुमचा हात सुटलेला असला पाहिजे, ही तिची अट. मन कामात गुंतलं की जोराचा आवाजही कानावरून जातो. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या मोजणाऱ्या कुणालाही हे सांगायला नको.

दुपारी प्रशिक्षिकेसोबत दोघींचीच उडी. हात धरले, सोडले, परत धरले, मनगट, वळणं, पळ. ठीक.

सोमवार

सकाळपासून ढग. ढगातून उडी मारायची नसते, त्यामुळे सगळे कँटीनमध्ये. भात, तुळशीच्या पानातलं चिकन, त्यावर माझं मेतकूट. भटवाडीने ते दोनदा मागून घेतलं.

बोलता बोलता शीतल महाजनांचा विषय निघाला. पुण्याच्या या बाईंनी २००४ च्या एप्रिलमध्ये उत्तर ध्रुवावर उडी मारली, आणि ती त्यांच्या आयुष्यातली पहिलीच उडी होती. २००६ च्या डिसेंबरमध्ये दक्षिण ध्रुव. २०११ ला पद्मश्री. २०१८ च्या फेब्रुवारीत त्यांनी नऊवारी नेसून १३,००० फुटांवरून उडी मारली ती इथून जवळच, पट्टायाला. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये एव्हरेस्टसमोर, २१,५०० फुटांवरून. आपल्याकडे त्यांचं नाव नऊवारीमुळे घरोघरी गेलं याचं मला थोडं वाईटच वाटतं. नऊवारीत उडी मारणं कठीण खरंच. पण सराव नसताना ध्रुवावरच्या थंडीत विमानाच्या दारात उभं राहणं ही वेगळ्याच जातीची गोष्ट आहे.

याच देशात, ईशान्येकडच्या उदोन थानी इथे, ८ फेब्रुवारी २००६ ला ४०० जणांनी हवेत एकच आकृती केली. सव्वाचार सेकंद टिकली. विक्रमाच्या बातमीत लोक ४०० हा आकडा वाचतात. मला कुतूहल होतं ते चारशे माणसं सुटली कशी याचं. लाटांनी सुटली: बाहेरच्या कडेवरचे आधी, वरच्या उंचीवर, मग त्यांच्या आतले, मग केंद्राजवळचे. प्रत्येकाला स्वतःची सुटायची उंची पाठ. जोडण्याइतकीच मोडण्याची आखणी करावी लागते.

दुपारीही आकाश उघडलं नाही. आईचा फोन आला. "आज नाही पडलीस ना? बरं झालं."

मंगळवार

आकाश स्वच्छ. तिघांची आकृती, मग चौथा आला: कोरियाचे एक निवृत्त शिक्षक, अत्यंत शिस्तीचे, विमानात मांडी घालून डोळे मिटून बसतात.

चौघांच्या खेळाला स्पर्धेत ३५ सेकंद मिळतात. आकृत्या ठरलेल्या असतात. सोळा सुट्या, इंग्रजी मुळाक्षरांनी ओळखायच्या, आणि बावीस जोड्या, ज्यात एक आकृती मोडून माणसं फिरत फिरत दुसरी करतात. विश्वविजेते संघ या वेळात आकृत्यांमागून आकृत्या करतात. आमची मागणी एकच: तारा. चौघांनी गोल करून शेजाऱ्याचे हात धरायचे. सुट्यांमध्ये तो "एम". याहून सोपं यात काही नाही.

आज रिगमधल्या स्वयंचलित यंत्राची माहिती पुन्हा दिली गेली, आणि ती द्यायलाच हवी. १९९१ साली जर्मनीतून सायप्रस नावाचं यंत्र आलं. ७५० फुटांच्या आसपास तुम्ही अजूनही ताशी सव्वाशे किलोमीटरहून वेगाने पडत असाल, तर ते राखीव पॅराशूट बांधून ठेवणारा दोर कापतं. त्याने कितीतरी जीव वाचवलेत. पण ७५० फूट म्हणजे किती? बोरिवलीच्या नॅशनल पार्कातला सर्वात उंच माथा साधारण दीड हजार फूट. त्याच्या निम्म्यावर. त्या वेगात उरलेलं अंतर चार-पाच सेकंदांचं असतं. त्या यंत्राच्या भरवशावर कोणी मनगट बघायचं सोडत असेल, तर माझ्या विमानात नको.

बुधवार

आजच्या उडीबद्दल सविस्तर लिहिते.

ठरलं होतं: चौघं एकत्र बाहेर, तारा, सोडा, पुन्हा तारा. दारातून बाहेर पडताना भटवाडी अर्धा क्षण आधी गेला आणि खाली राहिला. कोरियन गुरुजी वर, डावीकडे. प्रशिक्षिका आणि मी समोरासमोर. हात धरला, मनगट: नऊ हजार. गुरुजी सावकाश खाली येत होते, आमच्या पातळीला आले, पुढे सरकायला लागले. सात हजार. भटवाडी खाली अंग पसरून वर यायची खटपट करत होता, पण जो एकदा खाली गेला त्याला वर यायला फार वेळ लागतो. सहा हजार. गुरुजींचा हात माझ्या उजव्या हातापासून वीतभर.

अशा वेळी डोळे हातालाच चिकटतात. वीतभरच तर उरलंय, अजून एक सेकंद, असं मन म्हणतं. त्या सेकंदाला पावणेदोनशे फूट जातात.

५,५००. गुरुजींनी हात मागे घेतला आणि वळले. मीही वळले, प्रशिक्षिकाही. खाली भटवाडीसुद्धा वळून सरळ बाहेर पळत होता. चौघं चार दिशांना. आठेक सेकंद पळ, हात हलवून आजूबाजूला इशारा, आणि ४,००० ला पॅराशूट.

सगळ्यांनी एकाच उंचीला का सुटायचं, हे भटवाडीच्या जागेवरून नीट कळतं. तो आमच्या खाली होता. त्याने तिथेच राहून पॅराशूट उघडलं असतं, तर त्याचा वेग काही क्षणांत जवळजवळ संपला असता आणि वरचे आम्ही पूर्ण वेगाने त्याच्या कापडावर येऊन आदळलो असतो. म्हणून खाली असलेल्यानेही पळायचं, आणि वर असलेल्याने तो पळाला असेल असं गृहीत धरायचं नाही. कुणाची परवानगी मागायची नाही, वाट बघायची नाही. उंची आली, सुटा.

खाली उतरल्यावर भटवाडीचा चेहरा पडलेला. "ताई, तारा झालाच नाही." प्रशिक्षिकेने व्हिडिओ लावला, आणि शेवटचे दोन सेकंद पुन्हा पुन्हा दाखवले: वीतभर अंतरावरून मागे जाणारा तो हात. म्हणाली, आठवड्यातली सर्वांत चांगली उडी हीच. तारा उद्या होईल.

मला तिचं म्हणणं पटलं. गुरुजी चहा पीत होते, त्यांना यात विशेष काही वाटलेलं दिसलं नाही.

गुरुवार

तारा झाला. दोनदा. भटवाडीने जेवण दिलं.

सी राचा, शुक्रवार सकाळ

रात्री परतीचं विमान आहे. त्याआधी वाचकांच्या पत्रांना उत्तर. अंधेरी आणि बोरिवलीहून आलेल्या पत्रांत प्रश्न एकच आहे: आम्ही परदेशात प्रशिक्षकाला बांधून एकदा उडी मारली आहे, आता मित्रमैत्रिणींसोबत हात धरून मारता येईल का?

नाही. बांधून मारलेल्या उडीत तुम्ही प्रवासी असता. उंची तुमच्या वतीने दुसरा कोणीतरी बघत असतो. आधी एकट्याने उडायला शिका, लायसन्स घ्या, मग प्रशिक्षकासोबत दोघांची उडी, मग तिघांची. आणि गटात पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा: गटात किती जण, सुटायची उंची किती, पॅराशूट उघडायची उंची किती. उत्तर आकड्यांत मिळालं नाही, तर पैसे खिशात ठेवा आणि दुसरा ड्रॉप झोन शोधा.