उलांडी नसलेली होडी

दुसऱ्या खेपेला कयाक घ्यायला निघण्याआधी त्याने घर मोजलं. भिंत आणि कुंपण यांच्यामधली बोळकांडी एक मीटर दहा. हीट पंपच्या खोक्यापासून फाटकापर्यंत चार मीटर वीस. रस्त्यावर उतरायला पाच पायऱ्या. गाडीचं टप त्याच्या हनुवटीला लागतं. सगळे आकडे त्याने वीजबिलाच्या पाकिटामागे लिहून घेतले. बायको दारात उभी राहून बघत होती. "अरे, तू होडी आणतोयस की कपाट?"

तिच्या विचारण्यात खोच होती, कारण पहिल्या खेपेला त्याने फक्त मासे मोजले होते.

गृहस्थ मालवणचा. ऑकलंडला येऊन सात वर्षं झाली, आणि पश्चिमेकडच्या ते आतातू भागात नव्याने उभ्या राहिलेल्या जोडघरांपैकी एकात राहतो. अशा घरांना बहुधा गॅरेज नसतं. असलंच तर त्यात दुसऱ्याच वर्षी रिकामी खोकी आणि ट्रेडमिल येऊन बसते. पाणी मात्र हाकेच्या अंतरावर. समुद्रात छंद म्हणून मासे मारायला या देशात परवाना लागत नाही. गोड्या पाण्यातल्या ट्राउटला लागतो, खाऱ्याला नाही. ही बातमी मालवणच्या माणसाला कळल्यावर तो घरात बसणं शक्यच नव्हतं.

पहिली कयाक जुनी होती, जाहिरात बघून घेतलेली आणि भलतीच ऐसपैस. चार मीटरहून थोडी लांब, जवळजवळ मीटरभर रुंद, पाठ टेकायला खुर्ची, पुढे पायडल. (मराठीत इथे पंचाईत होते. हाताने मारायचं तेही पॅडल आणि पायाने मारायचं तेही पॅडल. त्याने तोडगा काढला: हातातलं वल्हं, पायातलं पायडल.) पायडलवाल्या कयाकांचं आकर्षण खोटं नाही. कॅलिफोर्नियाच्या होबी कंपनीने 1997 साली पायाने हलणाऱ्या दोन पात्यांची यंत्रणा बाजारात आणली. पेंग्विन पाण्याखाली पंख मारतो, तशी ती पाती पोटाखाली डाव्या-उजव्या बाजूंना झुलतात. पुढे इतरांनी पंख्याची पायडलं काढली, सायकलसारखी फिरवायची, उलट फिरवली की मागे जाणारी. मासेमाराच्या लेखी यातली मोठी गोष्ट एकच: दोन्ही हात मोकळे राहतात. गळाला मासा लागलाय, ओहोटी खडकाकडे ओढतेय आणि वल्हं मांडीवर आडवं पडलंय, ही अवस्था ज्याने एकदा भोगली त्याला पायडलची किंमत सांगावी लागत नाही.

पण ती कयाक पाण्यात राजा आणि जमिनीवर म्हैस होती. रिकामीच पन्नास किलोंच्या वर. टपावर चढवायला दोन माणसं लागायची आणि पहाटे साडेचारला दुसरं माणूस म्हणजे बायको. तिने तीनदा हात दिला. चौथ्यांदा तिने पांघरुणाबाहेर फक्त डोकं काढलं आणि म्हणाली, "मासे बाजारातही मिळतात." चार महिन्यांत कयाक विकली गेली. ज्याने घेतली त्याच्याकडे ट्रेलर होता.

तेव्हापासून त्याचं मत पक्कं आहे की कयाक पाण्यासाठी घेतात, पण निवडावी लागते ती जमिनीवर. या गावात तर फारच. ऑकलंड वसलंय तेच दोन समुद्रांमधल्या चिंचोळ्या पट्टीवर. पूर्वेला वाइतेमाता बंदर, हौराकीच्या आखाताकडे उघडणारं. पश्चिमेला मानुकाउ, टास्मान समुद्राकडे उघडणारं. दोन्हीकडच्या भरतीच्या वेळांत सुमारे तीन तासांचा फरक. ओताहुहूला ही पट्टी इतकी अरुंद होते की माओरी लोक आपल्या वाका, म्हणजे होड्या, एका समुद्रातून काढून सव्वा किलोमीटरभर ओढत नेत आणि दुसऱ्या समुद्रात सोडत. त्या वाटेच्या जागी आज पोर्टेज रोड आहे. ट्रॉलीचं चाक चिखलात रुतलं की गृहस्थाला हटकून त्या माणसांची आठवण येते. त्यांची होडी अख्ख्या झाडाच्या खोडाची, आणि याची प्लास्टिकची.

प्लास्टिक म्हणजे पॉलिएथिलीन. साच्यात त्याची पूड भरतात, साचा भट्टीत गोल गोल फिरवतात, पूड वितळून आतल्या बाजूला सारखी बसते. पाण्याच्या काळ्या टाक्याही अशाच होतात. म्हणून कयाक ठोकर खाते, घासते, पण सहसा फुटत नाही. तिला मारतं ते ऊन. न्यूझीलंडचं ऊन थंड वाटलं तरी अतिनील किरणांचं आहे आणि वर्षानुवर्षं उघड्यावर पडलेलं प्लास्टिक ठिसूळ होतं. दुसऱ्या खेपेलाही जुनीच घ्यायची होती, पण यावेळी तो उलटी करून बघायला शिकला होता. ओढून ओढून शेपटाकडचा तळ कागदासारखा झालाय का? बैठकीतली पाणी जायची भोकं कडेने चिरलीत का? एका ठिकाणी त्याने मालकाची परवानगी काढून पोटात दोन बादल्या पाणी ओतलं आणि बाहेरून हात फिरवत बसला. मालक चहा घेऊन आला, तोवर एका भोकाच्या कडेला थेंब धरला होता. चहा पिऊन तो निघाला.

भोकांबद्दल थोडं सांगायला हवं. मूळ कयाक आर्क्टिकमधल्या इन्युइट लोकांची. लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा, त्यावर सीलचं कातडं, आणि माणूस कमरेपर्यंत आत. थंडीपासून बचाव हा तिचा जीव. 1970च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या मालिबू किनाऱ्यावर टिम नीमियर नावाच्या तरुणाने वर बसायच्या कयाका करायला घेतल्या, त्यातून ओशन कयाक ही कंपनी उभी राहिली. या कयाकला आत असं काही नसतंच. पोट बंद, बैठक वर, आणि लाट आली तर पाणी भोकांतून आपोआप खाली. पहिल्या दिवशी त्याच भोकांतून पाणी उलटं वर आलं, गृहस्थाची चड्डी भिजली आणि आपण बुडतोय असं वाटून त्याने किनारा गाठला. बुडत नव्हता. वजन जास्त झालं की बैठक समुद्राच्या पातळीला येते, एवढंच. म्हणून कयाकवर लिहिलेला भार पुरता कधी धरायचा नसतो. जुनेजाणते दोन-तृतीयांश धरा म्हणतात. स्वतःचं वजन, नांगर, गळ, बर्फाची पेटी, पाणी, आणि नशीब असेल तर मासे.

मासेमारीला वर बसायचीच बरी, यावर इथे फारसा वाद नाही. आत बसायच्या कयाकमध्ये काटे उभारलेला जिवंत स्नॅपर मांडीवर घेऊन गळ सोडवून बघा. शिवाय ती उलटली तर पोटात पाणी भरतं. वर बसायची उलटली तर पुन्हा सुलटी करून चढता येतं, म्हणजे सराव असेल तर. त्याने तो टाकापुनाच्या किनाऱ्यावर, छातीभर पाण्यात, भर रविवारी केला. पोटावर आडवं पडायचं, कुल्ले बैठकीवर वळवायचे, मग पाय आत. चौथ्या प्रयत्नात जमलं. वाळूत खेळणाऱ्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्याला तो सत्कार वाटला नाही.

लांबी-रुंदीचं गणित कोकणातल्या माणसाला समजावून द्यावं लागत नाही. लांब-अरुंद होडी पळते, आखूड-पसरट होडी डगमगत नाही. दुकानदार रुंदी विकतात, कारण गिऱ्हाईक दुकानासमोरच्या तळ्यात बसून डावी-उजवीकडे हलून बघतं आणि खूश होतं. खरी परीक्षा वाऱ्यात. ऑकलंडला नैऋत्येचा वारा जास्त. पूर्वेकडच्या किनाऱ्यांवर तो जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. काठाशी पाणी ताटात ठेवल्यासारखं शांत दिसतं, आणि तोच वारा माणसाला बिनबोभाट रांगितोतो बेटाकडे ढकलत नेतो. येताना सगळी वाट छातीवर. तेव्हा मीटरभर रुंदीची कयाक म्हणजे शीड लावलेला पलंग.

शेवटी मिळाली ती तीन मीटर नव्वद लांब, चौऱ्याहत्तर सेंटिमीटर रुंद, सत्तावीस किलो. वल्ह्याची. पायडलचा मोह त्याने गिळला, आणि तो कधी कधी अजून घशाशी येतो. चढवायची युक्ती अशी: टपाच्या मागच्या दांडीवर जुनी चटई टाकायची, नाळ तिच्यावर टेकवायची, मग शेपूट उचलून पुढे सरकवायची. एकावेळी अर्धंच वजन हातावर. एकटा माणूस, पहाटे, कुणालाही न उठवता. घरी ती बोळात कचऱ्याच्या डब्यांच्या वर भिंतीला टांगलेली असते. चार मीटर वीसपैकी तीस सेंटिमीटर अजून शिल्लक आहेत, हे तो पाहुण्यांना सांगतो.

तिच्यावर बसायला अंगात लाइफजॅकेट हवंच. सहा मीटरपर्यंतच्या होडीत, ती पाण्यावर चालती असताना, प्रत्येकाने ते घातलेलं असावं असा ऑकलंडचा नियम आहे. मोठ्या जहाजांच्या पुढे पाचशे मीटर आणि बाजूंना शंभर मीटर कुणी फिरकायचं नाही. कंटेनर लादलेलं जहाज रांगितोतोच्या खाडीतून येताना लांबून हळू वाटतं, तो निव्वळ भास.

मासे म्हणाल तर मुख्य मानकरी स्नॅपर. गुलाबी अंग, त्यावर निळे ठिपके, माओरीत तामुरे. नाव स्नॅपर असलं तरी जात ब्रीमची, आपल्या तांबोशीशी गोत्र जुळत नाही, पण कालवणात कुणी गोत्र विचारत नाही. पूर्वेकडच्या पाण्यात माणशी दिवसाला सात, आणि प्रत्येक किमान तीस सेंटिमीटर. 2014पर्यंत नऊ आणि सत्तावीस चालत. माप तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत. म्हणून त्याने कयाकच्या कडेवर, मांडीजवळ, तीस सेंटिमीटरची पट्टी चिकटवली आहे. साडेएकोणतीसचा मासा हातात आला की दोघंही क्षणभर थांबतात, मग मासा जातो. किंगफिश पंचाहत्तर सेंटिमीटरचा हवा, तो त्याला अजून लागला नाही, आणि कयाकवर लागला तर कोण कुणाला ओढेल हे आधी ठरवता येत नाही. धरलेल्यातला एक तुकडाही विकायचा नाही, हा कायदा. शेजाऱ्यांना वाटायला हरकत नाही. शेजारचे गोरे आजोबा मांस घेतात आणि डोकी परत देतात. या देशात डोकी बहुतेक घरांतून टाकूनच देत असत. मांगेरेच्या पापातुआनुकु कोकिरी मराएमधून, म्हणजे माओरी सभास्थानातून, 2016पासून 'काई इका' नावाने एक काम चालतं: मासेमारांनी मांस काढून घेतलं की डोकी आणि सांगाडे गोळा करायचे आणि ज्यांना ते हवेत त्या कुटुंबांना द्यायचे. माओरी आणि पॅसिफिक बेटांवरच्या लोकांत डोक्याचा मान मोठा. आपली जागा कुठल्या रांगेत आहे हे गृहस्थाला ती बातमी वाचल्यावर लगेच कळलं.

लाँग बेला मात्र गळ घेऊन जायचं नाही. तिथे 1995पासून सागरी अभयारण्य आहे. गृहस्थाच्या ऑफिसातला एक नवखा तिथे आठ गळ घेऊन पोचला होता आणि फलक वाचून सँडविच खाऊन परत आला.

उधाणाच्या दिवसांत इथे पाणी तीन मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. ते आतातूच्या अंगाला ओहोटीला नुसता चिखल आणि तिवराची झाडं उरतात. परतायला उशीर झाला तर शेवटचा टप्पा गुडघाभर गाळातून. म्हणून तो बहुधा भांगाचा दिवस बघतो आणि गाडी थेट ओकाहू बेला नेतो. ट्रॉलीला त्याने जाड, फुगीर टायर घातलेत. बारीक चाकं दुकानात स्वस्त मिळतात आणि वाळूत नांगरासारखी चालतात.

मालवणला अण्णा, म्हणजे त्याचे वडील, रोज व्हिडिओ कॉलवर असतात. नवी कयाक पहिल्यांदा दाखवली तेव्हा त्यांनी चष्मा वर केला, फोन जवळ धरला आणि विचारलं, "ह्येका उलांडी खंय आसा रे, झिला?"

उलांडी म्हणजे होडीच्या अंगाला, दोन आडव्या दांड्यांच्या टोकाला बांधलेला ओंडका. कोकणातली लहान होडी तिच्या जोरावर उभी राहते. बिनउलांडीची चौऱ्याहत्तर सेंटिमीटरची होडी अण्णांच्या हिशेबात होडीच नव्हे. त्याने रुंदी सांगितली, भोकं सांगितली, लाइफजॅकेट दाखवलं. अण्णा हूं हूं करत राहिले.

परवाच्या रविवारी ओकाहू बेच्या वाळूवर पट्टे सोडत असताना बाजूला वाका आमाची एक तुकडी सरावाला उतरत होती. सहा बायका, सहा वल्ही, लांबलचक निमुळती होडी, आणि डाव्या अंगाला दोन दांड्यांवर बांधलेली आमा. त्याने कॉल लावला, मालवणात तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती, पण अण्णा जागेच होते. त्याने काही न बोलता फोन तिकडे वळवला.

"ही बघ!" अण्णा उठूनच बसले. "हीच तर उलांडी! मगे ही कित्याक नाय घेतलंस?"

"अण्णा, ती सहा जणांची आसा."

पलीकडे थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज.

"मगे तुका थंय पाच माणसां गावली नाय?"